वैद्य येईपर्यंत

राजांचे तहनामे, सेनापतींच्या मोहिमा आणि मुत्सद्द्यांचीं कारस्थानें यांना इतिहासाच्या ग्रंथांत प्रशस्त जागा मिळते. कारखान्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या, तांबड्या फुलीच्या एका लहानशा पेटीला मात्र तेथें ओळभरही जागा मिळत नाहीं. परंतु त्या पेटीलाही इतिहास आहे, आणि तो पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, ती पेटी कोणत्याही औषधाच्या शोधांतून निघालेली नाहीं. कापसाचा बोळा, कापडाची पट्टी आणि लांकडाची कामटी या वस्तु मनुष्याजवळ हजारों वर्षें होत्याच. नवीन होती ती एक कल्पना. जखमी मनुष्याला पहिली मदत कशी करावी हें ज्ञान वैद्याच्या घरांतून बाहेर काढून, जखमी होणाऱ्याच्या शेजारीं काम करणाऱ्या साध्या मजुराला शिकवावें, ही ती कल्पना होय. ती कशी उत्पन्न झाली, तिला कोणीं हरकत घेतली, कायद्यानें तिचें काय केलें आणि आपल्याकडे ती कितपत रुजली, याचा या लेखांत विचार करावयाचा आहे.

आरंभीं प्रश्नाचें स्वरूप स्पष्ट करून घेतलें पाहिजे. मनुष्य यंत्रांत सापडतो तो एका क्षणांत. वैद्य येतो तो कांहीं वेळानें. एखादी मोठी धमनी तुटली तर रक्तस्रावानें थोड्याच मिनिटांत प्राण जाऊं शकतो. श्वास आणि नाडी बंद पडली तर चार-पांच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊं लागते. शहरांत कितीही निष्णात शस्त्रवैद्य असला तरी या मिनिटांत तो तेथें नसतो. तेथें असतो तो शेजारच्या यंत्रावरचा सोबती. त्याला कांहीं येत नसेल तर तो भीतीनें पळेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे, प्रेमापोटीं जखमीला उचलून बसवील, मोडलेला पाय ओढील, बेशुद्धाच्या तोंडांत पाणी ओतील. त्याला थोडें शिकविलेलें असेल तर तो तळहातानें जखम घट्ट दाबून धरील, आणि तेवढ्यावर एक कुटुंब निराधार होण्याचें टळेल. सारा प्रश्न या थोड्याशा मिनिटांचा आहे.

या कल्पनेचा उगम रणांगणावर झाला. २४ जून १८५९ रोजीं उत्तर इटलींतील सॉल्फेरिनो येथें फ्रान्स व सार्डिनिया यांच्या फौजांची ऑस्ट्रियाच्या फौजेशीं मोठी लढाई झाली. लढाईनंतर हजारों जखमी शिपाई आसपासच्या गांवांत येऊन पडले. आंरी द्यूनां नांवाचा जिनीव्हाचा एक व्यापारी आपल्या धंद्याच्या कामासाठीं त्या बाजूस आला होता. त्यानें कास्तिल्योने गांवच्या बायकांना हाताशीं धरलें आणि मित्र कोण, शत्रु कोण हा भेद न करतां जखमींना पाणी पाजण्याची व त्यांच्या जखमा बांधण्याची व्यवस्था केली. १८६२ सालीं त्यानें या अनुभवावर पुस्तक लिहिलें. १८६३ सालीं त्यांतून जिनीव्हा येथें समिति निघाली, जिच्यापासून पुढें रेड क्रॉसची चळवळ वाढली. आणि १८६४ सालीं जिनीव्हाचा करार झाला. ही हकीकत वाचकांच्या परिचयाची असेल. आपल्या विषयाच्या दृष्टीनें तींतील एकच गोष्ट महत्त्वाची आहे. कास्तिल्योनेच्या त्या बायकांपैकीं बहुतेक जणींना वैद्यकाचा गंध नव्हता, तरी त्यांच्या हातून उपयोग झाला. त्यांना आधीं थोडेंसें शिकविलेलें असतें तर किती अधिक झाला असता, हा प्रश्न त्यानंतर पुष्कळांच्या मनांत उभा राहिला.

त्यांपैकीं एक जर्मनीतील कील विद्यापीठांतील शस्त्रवैद्यकाचा प्राध्यापक फ्रीडरिख एस्मार्ख (१८२३–१९०८) हा होता. लष्करांतील अनुभवावरून त्याच्या ध्यानांत आलें होतें कीं, शिपायाजवळ एक साधें त्रिकोणी कापड असलें तरी डोकें, खांदा, कोपर, गुडघा यांपैकीं कोणताही अवयव बांधतां येतो. परंतु तें बांधावें कसें हें शिपायाला कोणीं सांगावें? एस्मार्खनें त्या कापडावरच निरनिराळ्या बंधांचीं चित्रें छापविलीं. ज्याला वाचतां येत नाहीं त्यालाही चित्र पाहून बंध बांधतां यावा, हा हेतु. पट्टी आणि तिचें पाठ्यपुस्तक या दोन्ही गोष्टी एकाच चिंधींत आल्या.

रणांगणावरची ही विद्या कारखान्यांत आली ती इंग्लंडांत. त्याचें कारणही उघड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत दरवर्षीं सुमारें एक हजार माणसें मरत होतीं. जखमी होणारांची संख्या अर्थातच याच्या कित्येक पट होती. रेल्वेचे डबे जोडणारे हमाल, लोखंड ओतणारे मजूर, गोदींतील कामकरी यांची स्थिति फारशी निराळी नव्हती. युद्ध चार-सहा महिन्यांनीं संपतें, हें युद्ध रोज सकाळीं भोंग्याबरोबर सुरू होई. सेंट जॉन या जुन्या धर्मसेवी संघाच्या इंग्लंडांतील शाखेंत जॉन फर्ली नांवाचा एक गृहस्थ होता. १८७०–७१ च्या फ्रान्स-जर्मनीच्या युद्धांत त्यानें जखमींच्या शुश्रूषेचें काम जवळून पाहिलें होतें. शांततेच्या काळांतील जखमींसाठीं असेंच कांहीं केलें पाहिजे, हा विचार त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पुढें रेटला, आणि १८७७ सालीं सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन ही संस्था स्थापन झाली.

संस्थेनें स्ट्रेचर दिले, गाड्या पुरविल्या. परंतु तिचें खरें कार्य म्हणजे तिनें वर्ग काढले. लष्करी शस्त्रवैद्य सर्जन-मेजर पीटर शेपर्ड यानें १८७८ सालीं वुलिच येथें सामान्य नागरिकांना शिकविण्यास आरंभ केला. वुलिच हें सरकारी शस्त्रास्त्रांच्या मोठ्या कारखान्याचें गांव, हें येथें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. शेपर्डनें आपल्या शिकवणुकीला एक लहानसें पुस्तकही जोडून दिलें. रक्त कसें थांबवावें, हाड मोडल्याचें कसें ओळखावें, तें हलूं न देतां कसें बांधावें, बुडालेल्याचा श्वास कसा सुरू करावा, एवढाच त्याचा विषय. लवकरच त्याला झुलू लोकांशीं झालेल्या युद्धावर पाठविण्यांत आलें, आणि २२ जानेवारी १८७९ रोजीं इसांडल्वाना येथें तो मारला गेला. त्यानें घालून दिलेला पाठ मात्र टिकला. पुढील कांहीं वर्षांत खाणींच्या व रेल्वेच्या गांवांतून असे वर्ग निघाले. दिवसपाळी संपवून आलेले मजूर संध्याकाळीं एकमेकांच्या निरोगी हातापायांना कामट्या बांधून शिकूं लागले. १८८७ सालीं अशा शिकलेल्या लोकांचें शिस्तबद्ध पथकही उभें राहिलें.

ही गोष्ट सर्वांनाच रुचली असें नाहीं. शेकडों वर्षें ज्या ज्ञानावर एका वर्गाची उपजीविका व प्रतिष्ठा अवलंबून असते, तें ज्ञान गिरणीच्या दारांत वाटलें जाऊं लागलें म्हणजे त्या वर्गाला अस्वस्थ वाटणें साहजिक आहे. १८८१ सालीं एस्मार्ख लंडनला वैद्यकीय परिषदेसाठीं गेला असतां त्यानें सेंट जॉनच्या संस्थेचें काम पाहिलें, आणि परत येऊन त्यानें कील येथें तसाच वर्ग काढला. त्याला त्यानें ‘समारितन शाळा’ असें नांव दिलें. बायबलांतील ती गोष्ट प्रसिद्धच आहे. लुटारूंनीं मारून टाकलेल्या वाटसरूला पाहून पुरोहित बाजूनें निघून जातो, परक्या जातीचा समारितन मात्र थांबून त्याच्या जखमा बांधतो. या शाळेवर जर्मन डॉक्टरांपैकीं कित्येकांनीं टीका केली. यांतून भोंदू वैद्य निर्माण होतील, अर्धवट ज्ञानानें रोग्याचा घात होईल, असें त्यांचें म्हणणें होतें. एस्मार्खनें टीकेला भीक घातली नाहीं. त्याच्या व्याख्यानांचें इंग्रजी भाषांतर व्हिक्टोरिया राणीची कन्या राजकन्या हेलेना हिनें केलें व तें १८८२ सालीं प्रसिद्ध झालें. सारीं मिळून व्याख्यानें पांच होतीं.

डॉक्टरांच्या आक्षेपाला नुसतें स्वार्थी म्हणून सोडून देणें योग्य होणार नाहीं. त्यांत सत्याचा अंश होता, आणि प्रथमोपचाराच्या शिक्षकांनीं तो मान्यही केला. म्हणूनच या विद्येनें पहिल्यापासून आपली मर्यादा आपणच आंखून घेतली आहे: वैद्य येईपर्यंत जीव राखावा, इजा वाढूं देऊं नये, आणि वैद्य आला कीं बाजूला व्हावें. पुष्कळ शास्त्रांना आपली हद्द कोठें संपते हें शिकावयास शतकें लागलीं, या विद्येचा आरंभच त्या धड्यानें झाला.

अर्धवट ज्ञानाचें भय किती खरें होतें याचें एक उदाहरण कारखान्यांतीलच आहे. स्कॉटलंडांतील कॅरन येथें लोखंडाचा प्रसिद्ध कारखाना होता. वितळलेल्या लोखंडाचे थेंब अंगावर उडून तेथील मजूर भाजत. त्यावर जवसाचें तेल व चुन्याची निवळी घोटून लावण्याची तेथें चाल पडली, आणि त्या मिश्रणाला ‘कॅरन ऑइल’ असेंच नांव मिळालें. इंग्लंडांत व बाहेरही पुष्कळ वर्षें हें औषध भाजल्यावर वापरलें गेलें. लावणारांचा हेतु चांगला होता व रोग्याला क्षणभर बरेंही वाटे. परंतु तेलाचा थर त्वचेंतील उष्णता आंत कोंडतो, आणि जखम दूषित होण्याचें भय वाढतें. भाजलेल्या जागेवर सुमारें वीस मिनिटें थंड वाहतें पाणी सोडावें, बर्फ किंवा तेल लावूं नये, असें आजचें शास्त्र सांगतें. आपल्या घरांत अजूनही कोणी तूप, कोणी शाई, कोणी दांत घासण्याची पेस्ट घेऊन धांवतें, तेव्हां कॅरनच्या मजुरांना हंसण्याचा अधिकार आपल्याला पोंचत नाहीं. प्रथमोपचार एकदां शिकून भागत नाहीं. शास्त्र बदललें कीं तोही पुन्हां शिकावा लागतो.

आतां कायद्याकडे वळूं. १८८७ च्या ब्रिटिश खाण-कायद्यानें असा नियम घातला कीं, जेथें माणसें जमिनीखालीं काम करतात अशा प्रत्येक खाणीवर स्ट्रेचर, कामट्या व पट्ट्या तयार ठेवल्या पाहिजेत. मोठाच विजय होता हा. परंतु नियमांत वस्तूंचा उल्लेख आहे. त्या वस्तु वापरावयाच्या कशा हें ज्याला येतें अशा मनुष्याचा नाहीं. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८८८ सालीं, अमेरिकेंत जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीनें रेल्वेच्या कामकऱ्यांसाठीं प्रथमोपचाराच्या तयार पेट्या विक्रीस आणल्या. ओसाड मुलखांत लोहमार्ग टाकणाऱ्या मजुरापासून डॉक्टर कित्येक मैल दूर असे, त्यामुळें अशा पेटीची गरज खरीच होती. तथापि या वेळेपासून प्रथमोपचार म्हणजे पेटी, असें समीकरण लोकांच्या मनांत बसलें. पेटी मोजतां येते, विकत घेतां येते, तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याला दाखवितां येते. शिकलेले हात यांपैकीं कोणत्याच गोष्टीला इतके सोयीचे नाहींत.

मालकांच्या मनांत या विद्येविषयीं आस्था उत्पन्न होण्याचें आणखी एक कारण झालें. १८९७ सालीं ब्रिटनमध्यें नुकसानभरपाईचा कायदा झाला व कामावर इजा झालेल्या कामगाराला, मालकाचा दोष सिद्ध न करतांही, कांहीं धंद्यांत भरपाई मिळूं लागली. तोंवर मजुराच्या जखमेचा खर्च मजुराच्या घरीं जात असे, आतां तो मालकाच्या वहींत लिहिला जाऊं लागला. जखम लहान असतांनाच बांधली तर ती चिघळत नाहीं, भरपाई कमी द्यावी लागते, हा हिशेब त्याला समजला. अशा रीतीनें या चळवळीला दोन मायबाप मिळाले: एक मजुरांचें परस्परसाहाय्य, दुसरी मालकाची काटकसर. दोघांच्या संगतीनें ती वाढली, आणि दोघांचेही गुणदोष तिच्या अंगीं उतरले. जेथें परस्परसाहाय्य प्रबळ, तेथें शिकलेले हात वाढले. जेथें काटकसर प्रबळ, तेथें पेटी टांगून काम भागलें.

कामगार हा केवळ शिकणारा नसून त्याच्या संकटानें शास्त्रालाही शिकविलें आहे, ही बाजू सहसा सांगितली जात नाहीं. बुडालेल्याचा किंवा विजेच्या धक्क्यानें निपचित पडलेल्याचा श्वास सुरू करण्यासाठीं १८५८ पासून सिल्व्हेस्टरची, १९०३ पासून शेफरची आणि १९३२ पासून होल्गर नील्सनची, अशा हात वर-खालीं करण्याच्या अथवा पाठ दाबण्याच्या पद्धति शिकविल्या जात. १९५० नंतरच्या दशकांत पीटर साफार, जेम्स इलम वगैरे डॉक्टरांनीं प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, या पद्धतींनीं फुप्फुसांत हवा फारच थोडी जाते. त्यापेक्षां तोंडानें तोंडांत श्वास फुंकणें कितीतरी प्रभावी. याच सुमारास हृदयाचाही प्रश्न सुटला. अमेरिकेंत विजेच्या तारांवर काम करणारे लाइनमन धक्क्यानें मरत, म्हणून वीज-कंपन्यांना या मृत्यूंचें कारण हवें होतें, आणि त्यांच्या साहाय्यानें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत विल्यम कौवेनहोव्हन हा विद्युत्शास्त्राचा प्राध्यापक अनेक वर्षें संशोधन करीत होता. १९६० सालीं त्यानें व ज्यूड आणि निकरबॉकर या त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, छाती न कापतां, नुसती बाहेरून ठराविक जोरानें दाबूनही रक्ताभिसरण कांहीं काळ चालू ठेवतां येतें. आज जगभर शाळांतून व कचेऱ्यांतून शिकविली जाणारी छाती दाबण्याची रीति ती हीच. खांबावर मरणाऱ्या लाइनमनचें ऋण तिच्यावर आहे, हें शिकणारांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें.

त्या ऋणाची जणूं फेड झाल्याचें एक छायाचित्र उपलब्ध आहे. जुलै १९६७ मध्यें फ्लोरिडांतील जॅक्सनव्हिल शहरांत रँडल चॅम्पियन नांवाचा लाइनमन खांबावर विजेचा धक्का बसून बेशुद्ध झाला व कमरेच्या पट्ट्याला उलटा लोंबकळूं लागला. जवळच काम करणारा त्याचा सोबती जे. डी. टॉम्प्सन खांबावर चढला आणि त्या उलट्या लोंबकळणाऱ्या मनुष्याच्या तोंडांत तो श्वास फुंकीत राहिला. रॉको मोराबितो या वृत्तपत्राच्या छायाचित्रकारानें तो क्षण टिपला, आणि १९६८ सालीं त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालें. चॅम्पियन वांचला व त्यानंतर तीस वर्षांहून अधिक जगला. डॉक्टर त्या खांबावर चढूं शकला नसता. टॉम्प्सन चढला, आणि वर चढल्यावर काय करावयाचें तें त्याला येत होतें. या लेखाचा सारा आशय त्या दोन वाक्यांत आहे, असें म्हटल्यास हरकत नाहीं.

हें झालें परदेशाचें. आपल्याकडे काय होतें? शस्त्रवैद्यकाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत पट्ट्या बांधण्याचे चौदा प्रकार सांगितलेले आहेत, आणि कोणत्या अवयवाला कोणता बंध योग्य याचाही तेथें विचार आहे. परंतु तें ज्ञान वैद्यांच्या परंपरेंतच राहिलें. गांवांत हाड मोडलें तर हाडवैद्य, विळा लागला तर हळदीची चिमूट, एवढी सामान्य माणसाची तयारी. शेतांतल्या जखमेला ती कशीबशी पुरे. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत योजिलेली सुताची गिरणी १८५६ सालीं सुरू झाली, आणि रत्नागिरी-साताऱ्याकडील शेतकरी हळूहळू साचेखात्यांत येऊन उभा राहिला. तेव्हां त्याची गांठ विळ्याशीं नव्हे, तर फिरत्या पट्ट्याशीं व दांतेरी चाकांशीं पडली. धोतराचा सोगा चाकांत गेला म्हणजे काय होतें, हें सांगणारी म्हण त्याच्या गांवांत नव्हती. १८८१ सालीं पहिला कारखान्यांचा कायदा झाला. त्यानें लहान मुलांच्या कामाला थोडा आळा घातला आणि धोक्याच्या यंत्रांभोंवतीं कठडे घालण्याची तरतूद केली. जखमी झालेल्याचें पुढें काय, याविषयीं तो मुकाच होता.

तो प्रश्न विचारला नारायण मेघाजी लोखंडे यांनीं. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक असलेल्या लोखंडे यांच्या पुढाकारानें सप्टेंबर १८८४ मध्यें परळ येथें गिरणी-कामगारांच्या सभा भरल्या, आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुट्टी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, कामाच्या तासांना मर्यादा, पगार वेळेवर, या त्यांतील मागण्या आपल्या पाठ्यपुस्तकांत येतात. परंतु पांचवी मागणीही होती, आणि तिची आठवण क्वचितच काढली जाते. काम करतांना गिरणींत गंभीर इजा झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य व्यवस्था व्हावी, अशी ती मागणी. ब्रिटनच्या १८९७ च्या कायद्याआधीं तेरा वर्षें मुंबईच्या गिरणी-कामगारानें हें मागितलें होतें. रविवारची सुट्टी १८९० सालीं मिळाली. भरपाईचा कायदा व्हावयास मात्र १९२३ साल उजाडावें लागलें, व तो १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला. मधल्या चाळीस वर्षांत ज्यांचीं बोटें, हात व प्राण गेले, त्यांचा हिशेब कोणाच्या वहींत आहे? सगळे मालक सारखे होते असें म्हणतां येणार नाहीं. नागपुरास जमशेटजी टाटा यांनीं १८७७ सालीं सुरू केलेल्या एम्प्रेस गिरणींत १८९५ पासून अपघाताची भरपाई दिली जाऊं लागली होती. परंतु एका मालकाची सदिच्छा म्हणजे साऱ्या कामगारांचा हक्क नव्हे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं जो कारखाने-कायदा झाला त्यानें प्रथमोपचाराचा विषय पहिल्यानें नीट बांधला. त्याच्या पंचेचाळिसाव्या कलमांत दर दीडशें कामगारांमागें निदान एक पेटी ठरविली गेली, ती कामाच्या सर्व वेळांत सहज हातीं लागली पाहिजे असें सांगितलें गेलें, ती जबाबदार व शिकलेल्या मनुष्याच्या ताब्यांत असावी असें ठरलें, आणि पांचशेंहून अधिक कामगार असतील तेथें उपचारांची स्वतंत्र खोली आवश्यक मानली गेली. त्याच कलमांत एक मार्मिक वाक्य आहे. ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज दुसरें कांहींही त्या पेटींत ठेवूं नये, असें तें वाक्य होय. हें लिहिणाऱ्याला कारखाना माहीत होता. रिकामी पेटी लवकरच चावीची, विडीची व पावतीची जागा होते, हें त्यानें पाहिलें असलें पाहिजे. पुढें २०२० सालीं संसदेनें कामगारांच्या सुरक्षिततेची जी संहिता मंजूर केली, तींतही पेटीची व त्या स्वतंत्र खोलीची तरतूद कायम राहिली.

मग उणें काय राहिलें? पहिलें उणें असें कीं, १९४८ चा कायदा मोठ्या छपराखालींच पोंचला. यंत्रशक्ति असेल तर दहा, नसेल तर वीस कामगार, ही त्याची किमान मर्यादा होती. चार माणसांचें वेल्डिंगचें दुकान, गल्लींतील लेथ व पॉवर प्रेस, शेतावरचें मळणी यंत्र हीं तिच्या बाहेर राहिलीं. बीड-अहिल्यानगरकडून दरवर्षीं शेकडों मैल दूर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळींत पायावर कोयता बसतो, फडांत साप चावतो. तेथें भिंतच नाहीं, तर पेटी टांगावयाची कोठें? अशा ठिकाणीं शिकलेला मनुष्य हीच पेटी. टोळींतल्या एका मुकादमाला किंवा दोन बायकांना कांहीं तास शिकविलें, जखमेवर स्वच्छ फडकें दाबून धरावें, सर्पदंशाची जागा कापूं वा चोखूं नये, आवळून बांधूं नये, चावलेल्याला फार चालवूं नये व इस्पितळ गांठावें, एवढें जरी सांगितलें, तरी तें कोणत्याही लांकडी पेटीहून मोलाचें ठरेल.

दुसरें उणें ज्ञान दडविण्याचें आहे, आणि तें अधिक भयंकर. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीं भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यांतून विषारी वायु सुटला आणि हजारों माणसें मेलीं. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या वस्तीला, आंत काय सांठविलें आहे व तें सुटल्यास काय करावें, हें कोणींही सांगितलेलें नव्हतें. रोग्यांनीं भरून गेलेल्या इस्पितळांतील डॉक्टरांनाही विष कोणतें हें नीट कळत नव्हतें. शेपर्डनें वुलिचला वर्ग काढून शंभराहून अधिक वर्षें झालीं होतीं. कामाच्या ठिकाणच्या धोक्याचें ज्ञान त्या धोक्यांत राहणाऱ्या माणसाजवळ असावें, हें त्याचें साधें तत्त्व तेथें पाळलें गेलें नाहीं.

तिसरें उणें भीतीचें. जखमीला हात लावला तर पोलीस आपल्यालाच धरतील, साक्षीला खेटे घालावे लागतील, या धास्तीनें चांगलीं माणसें बाजूनें निघून जातात. रस्त्यावरच्या अपघातापुरती ही भीति दूर करण्याचा यत्न झाला आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं मदत करणारांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले, आणि २०१९ सालीं मोटार-वाहन कायद्यांत तशी तरतूद आली. त्या कायद्यानें मदत करणाराला जें नांव दिलें तें पुन्हां समारितनचेंच आहे. कीलच्या शाळेवरची पाटी अशी सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं भारताच्या कायद्यांत आली.

शेवटीं एका गैरसमजाविषयीं सांगितलें पाहिजे. प्रथमोपचाराची चांगली सोय आहे म्हणून यंत्राचा कठडा काढून ठेवला तर चालेल, असें कांहीं व्यवस्थापकांचें अप्रकट मत असतें. त्यांना लोखंड्यांच्या अर्जाची व १८८१ च्या कायद्याची एकदमच आठवण करून दिली पाहिजे. कठडा पहिला, पट्टी दुसरी, भरपाई तिसरी. यांतील कोणतीही एक गोष्ट दुसरीची जागा घेऊं शकत नाहीं. आणि उलट बाजूनें, कठडे आहेत म्हणून शिकण्याची गरज नाहीं असेंही कोणी म्हणूं नये, कारण तीं मिनिटें केव्हां ना केव्हां येतातच: कारखान्यांत, शाळेच्या प्रयोगशाळेंत, आणि आपल्या स्वयंपाकघरांतही. त्या वेळीं जवळ कोण असेल हें आपल्या हातीं नाहीं. जो असेल त्याला कांहीं येत असावें, एवढें मात्र खचित आपल्या हातीं आहे. एस्मार्खला त्यासाठीं पांच व्याख्यानें लागलीं. आपल्या पदवीधर तरुणांना आपण पंधरा-सोळा वर्षें शिकवितों. त्यांतून पांच तास काढणें अशक्य आहे, असें कोणता शिक्षक म्हणेल?